आधी काढलेली वाटी

बाबा,

त्या दिवशी तुम्ही मला सरळ विचारलंत आणि मी हो म्हटलं. ते खरं नव्हतं. याला आता नऊ वर्षं झाली. एवढी दोन वाक्यं लिहायला आज सकाळपासून मी तीन कागद फाडले, आणि लिहून झाल्यावर पुढे काय लिहायचं ते सुचेना. म्हणून पहिल्यापासून सांगते. यातलं पुष्कळसं तुम्हाला ठाऊक आहे, पण मला ते पुन्हा एकदा ओळीने मांडून बघायचं आहे.

आपलं भिवंडीचं स्वयंपाकघर. पलीकडच्या भिंतीला लागून पॉवरलूमची शेड, त्यामुळे फळीवरची भांडी सतत बारीक थरथरत असायची आणि आपल्याला ते जाणवतही नसे. पौर्णिमेला आई शिरा करायची. कढई उतरली की नैवेद्याचं ताट वाढण्याआधी ती एक वाटी भरून फळीवर ठेवायची, वर स्टीलचं झाकण. ती तुमची. देवापुढे जाऊन आलेला तो प्रसाद, आणि त्याच्या आधी काढलेला तो नुसता शिरा. तुम्ही देव मानत नव्हता, तेव्हा प्रसाद तुमच्या हातावर ठेवणं म्हणजे तुमच्यावर जबरदस्ती, असं तिचं तिनेच ठरवलं असणार. तुमच्यात याबद्दल कधी बोलणं झालेलं मी तरी ऐकलं नाही. शेजारची काकू एकदा म्हणाली, "देवाच्या आधी नवऱ्याला? काय गो हे?" आई कढई खरवडत म्हणाली, "देवाला कुठं शिफ्टला जायचं हाय?" पण तुम्हीही ती वाटी लगेच घेत नसायचात. शेडचा भोंगा झाला तरी दारात चपला घालून उभे राहायचात. आतली घंटा वाजून आई बाहेर आली की मगच झाकण काढायचात. आधी काढलेली वाटी तुम्ही नंतर खायचात. आई मला सांगायची, "तुजा बापूस देवाला मानत न्हाय, पन देवाच्या टायमाला मानतो." आणि तुम्ही खाताना म्हणायचात, "आज बेदाणे जास्त पडलेत. देवाला आवडतात वाटतं." ती हसायची. मला वाटायचं सगळ्यांच्याच घरी असं असतं.

सिस्टरांच्या शाळेत तुम्ही मला घातलंत तेव्हा शेलार गावच्या आत्याने विचारलं होतं, तुला देव नको आणि पोरीला त्यांचा देव चालतो का. तुम्ही म्हणालात, "प्रार्थना त्यांची, गणित सगळ्यांचं." त्या शाळेत मी सगळ्यात आधी काय शिकले तर मिरवायला. मला दहावं वर्ष असेल. सकाळच्या प्रार्थनेला सगळ्या मुली डोळे मिटायच्या आणि मी मुद्दाम उघडे ठेवायची. माझे बाबा देव मानत नाहीत, हे मला नव्या बुटांसारखं वाटायचं. ते मी घरीही आणलं. आई फुलं वाहते आहे आणि मी दारात उभी राहून म्हणते, "आई, तिथं कुणी नसतं. बाबांनीच सांगितलंय." आईचा हात थांबला, एवढंच. तुम्ही बाहेरच्या खोलीत दाढी करत होता. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून आत आलात. मला वाटलं, शाबासकी मिळणार. तुम्ही खाली बसलात, माझ्या डोळ्यांसमोर डोळे आणलेत आणि म्हणालात, "मी सांगितलं म्हणून म्हणतेस न? म्हणजे ते तुझं न्हाय. दुसऱ्याचं उचलून आईच्या तोंडावर मारायचं न्हाय. तिचं तिने स्वतः मिळवलंय." मग मला आईची माफी मागायला लावलीत. देवाची नाही, आईची. आई म्हणाली, "जाऊ द्या हो, पोर हाय." तुम्ही म्हणालात, "पोर हाय म्हणूनच." साबण वाळून तुमच्या गालावर पांढरा पापुद्रा झाला होता. तुम्ही मारलं असतं तर मी विसरले असते.

पुढे माझं मन दुसरीकडेच वळलं. शाळेच्या चॅपेलमध्ये दुपारी कुणी नसताना बसायला मला आवडायला लागलं, आणि घरी आईच्या शेजारी बसायलाही. मेणबत्ती आणि कापूर यांतला फरक मला करता येईना, अजूनही येत नाही. अठराव्या वर्षी मी तुम्हाला सांगितलं की मी देव मानते. किती घाबरले होते मी. तुम्ही सायकलची चेन बसवत होता. मान वर न करता विचारलंत, "स्वतःचं हाय?" मी म्हटलं, "हो." "मग ठेव," म्हणालात, आणि पाना मागितलात. बाबा, आयुष्यात मला पुष्कळांनी पुष्कळ आशीर्वाद दिले. "मग ठेव" एवढं दुसऱ्या कुणी म्हटलं नाही.

आणि चाचा. तुमच्या शेडचे मालक, पाच वेळा नमाज पढणारे, आणि तुम्ही त्यांचे जॉबर. लूम बिघडला की तुमच्याशिवाय त्यांचं पान हलत नसे. दुपारचा डबा घेऊन मी यायची तेव्हा तुमची दोघांची जुंपलेली असायची. "जॉबर, कयामत के दिन मैं खुद बोलूँगा तेरे लिए. बोलूँगा, इसको छोड़ दो, इसने लूम के बारे में कभी झूठ नहीं बोला." तुम्ही तेलाचे हात पुसत म्हणायचात, "मत बोलो, सेठ. आपको बोलना पड़ा, मतलब मैं गलत निकला." रमजानात तुम्ही त्यांच्यासमोर चहा घ्यायचा नाहीत, शेडमागे जाऊन घ्यायचात. एकदा ते मागे आले आणि तुम्हाला पकडलं. "इधर बैठ के पी. मेरा रोज़ा तेरी चाय से टूटेगा, इतना कच्चा है क्या?" तुम्ही तरीही कप खाली ठेवलात. मग दोघं नुसतेच बसून राहिलात आणि चहावर साय धरली. डबा हातात घेऊन मी तिथेच उभी होते.

आई गेल्यावर पौर्णिमेची वाटी माझ्याकडे आली. मी ठाण्याहून यायची, तुमच्या स्वयंपाकघरात शिरा करायची, आईच्या देवांपुढे दाखवायची. तिचे देव तुम्ही हलवले नव्हते. ताम्हण चिंचेने घासून ठेवायचात, पण देव्हाऱ्यात ठेवायचं काम माझ्यावर सोडायचात. वाटी मी न चुकता आधी काढायची. तुम्ही काही विचारायचा नाहीत. आईला तरी कुठे कधी विचारलं होतं.

मग तुमची छाती. आयुष्यभर कापसाची तूस गेली होती तिच्यात. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं, ते कशासाठी सांगतात हे तुम्हालाही कळलं होतं आणि मलाही. मी ठाण्याचं घर सोडून तुमच्यापाशी येऊन राहिले. खाटेशेजारी ऑक्सिजनचं नळकांडं. लोडशेडिंग सुरू झालं की पलीकडचे लूम एकदम थांबायचे आणि त्या शांततेने तुम्ही दचकून जागे व्हायचात. मी उशी उंच करायची, पाठीवरून हात फिरवायची, पंख्याऐवजी वर्तमानपत्राने वारा घालायची. याहून जास्त मला काहीही करता येत नव्हतं. कुणी जवळचं माणूस श्वासासाठी असं झगडताना बघत बसायचं आणि काही करायचं नाही, हे मला जमेना. मंगळवारी सकाळी शेजारच्या काकूला तुमच्यापाशी बसवलं, बाजारात जाऊन येते म्हटलं आणि एसटीने वज्रेश्वरीला गेले. हे पहिलं खोटं. पायऱ्या चढताना मी काही मागितलंसुद्धा नाही, नुसतं बाबा, बाबा करत होते. पुजाऱ्यांनी कागदात बांधून प्रसादाची खडीसाखर दिली.

घरी आले. तुमच्या स्वयंपाकघरात रवा भाजला आणि ती खडीसाखर कुटून त्यात घातली. कुटताना खलबत्त्याचा आवाज होऊ नये म्हणून खाली फडकं घेतलं. यावरून ओळखा की मी काय करते आहे ते मला नीट कळत होतं. वाटी घेऊन तुमच्याजवळ बसले. तुम्ही वाटीकडे बघितलंत, मग माझ्याकडे. आईला कधी विचारलं नाहीत ते मला विचारलंत. "आधी काढलीस न गो?"

मी म्हटलं, "हो बाबा."

तुम्ही लगेच तोंड उघडलंत. लहान मूल उघडतं तसं. तीन चमचे खाल्लेत आणि हाताने पुरेची खूण केलीत. म्हणालात, "आईचा एवढा गोड नसायचा." बस्स, एवढंच. तुम्हाला कळलं होतं का, बाबा? की नुसती साखर जास्त झाली होती? मी हे वाक्य नऊ वर्षं सगळीकडून फिरवून बघते आहे. कळलं असेल तर तुम्ही ते माझ्यासाठी गिळलंत. कळलं नसेल तर तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात. दोन्हींत मला बरं वाटण्यासारखं काही नाही. शनिवारी तुम्ही गेलात.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे काहीही विधी केले नाहीत. शेलारच्या लोकांनी तोंडं वाकडी केली, मी ऐकून घेतलं. मला वाटत होतं, निदान हे तरी मी तुमच्या मनाप्रमाणे केलं. चाचा आले. ओट्यावर खुर्ची टाकून तासभर बसले. त्यांचे ओठ हलायला लागले तसे त्यांनीच ते थांबवले. मला म्हणाले, "बेटी, दुआ मैं घर जाके करूँगा. ये जॉबर का घर है, इधर उसकी चलेगी." मी आत जाऊन मोरीत नळ सोडला आणि पुष्कळ रडले. लोकांना वाटलं, बाप गेला म्हणून.

गेल्या महिन्यात मी चाचांना भेटायला गेले होते. फार थकलेत. लूम भंगारात गेले, शेडचं गोदाम झालंय, दारात ट्रक उभे असतात. भांडी थरथरत नाहीत आता कुणाचीच. हे सगळं मी त्यांना सांगून टाकलं. ते देव मानणारे, मीही मानणारी, म्हटलं, त्यांना समजेल की मी घाबरून केलं. त्यांनी तसबीह, म्हणजे त्यांची जपमाळ, खाली ठेवली.

"उसने पूछा था?"

"हो, चाचा."

"सीधा पूछा था? आधी काढली का, असं?"

"असंच."

"खिलाया, वो तो बेटी का दिल है," ते म्हणाले. "पर वो पूछा, और तू..." मी म्हटलं, "मी काय करू?" ते म्हणाले, "ऊपरवाला तो माफ कर देगा. तेरा भी है, मेरा भी है. जॉबर की तरफ से कौन करेगा? वो तो बोल के गया, मैं कहीं नहीं रहूँगा." मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

तेव्हापासून मी यातच अडकून बसले आहे, बाबा. माझ्या मानण्याप्रमाणे तुम्ही कुठेतरी आहात आणि हे ऐकता आहात. पण तसं धरून तुमची माफी मागायची म्हणजे मी पुन्हा माझंच तुमच्या तोंडात घालते. तुम्ही म्हणायचात ते खरं धरायचं, तर हा कागद कुणालाच लिहिलेला नाही, आणि माझं खोटं आता दुरुस्त करता येणार नाही. तुमच्या हाताखाली असा दुरुस्त न होणारा एकही लूम आला नव्हता ना? मला रोज वाटतं, तुम्ही सायकलपाशी बसलेले असावेत आणि मी येऊन सगळं सांगावं, आणि तुम्ही मान वर करावी. रागावण्यासाठी का होईना. पाकीट आणलं होतं, ते कोरंच आहे. त्यावर काय लिहू? आईच्या देवांपाशी ठेवावं तर तो तुमचा अपमान. कपाटात ठेवीन, साड्यांखाली.

एक राहिलं. हे चाचांनाही सांगितलं नाही. त्या मंगळवारी दुपारी तुमचा श्वास जरा सुधारला होता, आठवतं? तुम्ही टेकून बसलात, काकूची चेष्टाही केलीत. मी वाटी धुवायला मोरीत गेले आणि तिथे एकटीच हसले. तुम्हाला बरं वाटलं म्हणून हसले, असं मी इतकी वर्षं धरून चालले. ते होतंच. पण त्याच्या आधी, अगदी क्षणभर, मला वाटलं होतं, मी जिंकले.