चौसष्ट टक्के

शनिवार, २९ मार्च
आमच्या लेकीचा, इनासचा, कॉम्प्युटर रडतखडत चालतो. गुरुवारी तिला इमारतींच्या नकाशांचा शेवटचा प्रकल्प कॉलेजात द्यायचाय, नाहीतर वर्ष बुडालं. नवी सिस्टिम मीच टाकणार, असं जाहीर केलं. एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली. अख्खी इमारत मला उगाच 'बाशमुहंदिस', म्हणजे मोठे इंजिनियर, म्हणत नाही. सुहैर म्हणाली, खालच्या कॉम्प्युटरच्या दुकानातल्या रिफ्अतला बोलवा. स्वतःच्या बायकोने असं म्हणावं! शिसारी आली.
बाहेर वाळवंटाची धूळ सुटलीय. कॉम्प्युटरवरचं दुकानातलं प्लास्टिक चार वर्षं कोणाला काढू दिलेलं नाही, म्हणून तर तो नवा दिसतो. मागे जाळीपाशी फाटलं होतं. चिकटपट्टी लावून घट्ट बंद केलं.

रविवार, ३० मार्च, संध्याकाळी ५
नव्या सिस्टिमची सीडी घालून सुरुवात. डिस्कवरचं सगळं पुसायचं का, असं विचारलं. 'हो' दाबलं. अर्धवट काम मला खपत नाही.
५.४० – चौसष्ट टक्के आणि स्क्रीन काळा. सीडी भिकार.
६.१० – सगळं म्हणजे प्रकल्पसुद्धा, हे आत्ता लक्षात आलं. जेवलो नाही.

सोमवार
सुहैरने बाल्कनीतून टोपली सोडून रिफ्अतकडची सीडी वर ओढली. पुन्हा चौसष्ट. नंतर एकावन्न. सगळा माल टाकाऊ.
इनासने विचारलं, कसं चाललंय. उत्तम म्हणालो. तिच्याकडे बघवलं नाही.

मंगळवार
रिफ्अतने भर रस्त्यातून चौथ्या मजल्यावर ओरडून विचारलं, मशीन तापतंय का, प्लास्टिक अजून अंगावरच आहे का. सगळ्या गल्लीने ऐकलं. उंटावरून शेळ्या हाकणारी जात! बाल्कनीचं दार लावून घेतलं. घरात कोशरी, म्हणजे मसूर-भात-मॅकरोनी, केली होती. दोन घास गिळले.

बुधवार, २ एप्रिल
अंघोळीला गेलो तेवढ्यात सुहैरने स्वयंपाकघरातल्या कात्रीने प्लास्टिक टराटरा कापलं आणि मशीन पुन्हा सुरू केलं. बाहेर आलो तर ब्याऐंशी टक्के. मग शंभर. इतका किळसवाणा आकडा आयुष्यात पाहिला नाही. मशीन ठणठणीत, आणि आत काही नाही.
इनासला समोर बसवलं. तुझा प्रकल्प मीच पुसला, म्हणालो.
ती शांतपणे म्हणाली, "बाबा, तुम्ही 'मीच करतो' म्हणालात ना, त्याच संध्याकाळी मी सगळ्याची कॉपी काढून मामाकडे ठेवून आले."
सुहैरलाही माहीत होतं. म्हणजे चार दिवस घरात सगळे पोटभर जेवत होते, मी सोडून.

गुरुवार
प्रकल्प दिला. प्राध्यापक खूश. रिफ्अतला चहाला बोलावलंय, मी नाही, सुहैरने.
कचऱ्यातून प्लास्टिक काढून, पुसून, घडी करून ठेवलं. टीव्हीच्या रिमोटवरचं मात्र कोणाला काढू देणार नाही.