डाव्या पायाचं माप

प्रिय दादा,

ऑपरेशननंतर डाव्या पायाचं माप कुठलं धरायचं? आताचं, सुजलेलं, की जुनं? बाबांनी गेल्या सोमवारी दुकानात मला हे विचारलं. तुला उत्तर येत असेल तर कळव. बरं झाल्यावर घालायला म्हणून ते स्वतःसाठी नवा जोड शिवत होते. उजवा बूट तयार होता, डाव्याचं चामडं मांडीवर होतं. त्यांचा नियम तुला माहीत आहे. माप घ्यायचं ते संध्याकाळीच, कारण दिवसभर उभं राहून पाय भरतो. सकाळी आलेल्या गिऱ्हाइकाला चहा पाजतील, पण टेप काढणार नाहीत. तेच बाबा टेप हातात धरून माझ्याकडे बघत होते, आणि मी, घरातली पहिली पदवीधर, शाळेत पोरांना खरं बोलायला शिकवणारी, "बघू या" म्हणून आत निघून गेले.

त्याच संध्याकाळी मी सहल ठरवली. फोनवर तू जे जे म्हणालास ते सगळं मी ऐकून घेतलं. चिघळलेला पाय घेऊन म्हाताऱ्याला खडकावर नाचवतेस, शिकून अक्कल गहाण टाकलीस, कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेल्या जनावरांचे खड्डे बघून कुणाचं भलं झालंय! असेल. पण बाबा आजवर कुणाचं लग्न किंवा कुणाचं आजारपण असल्याशिवाय गावाबाहेर पडलेले मला आठवत नाहीत. आणि तुझी लेक भिंगरी सुट्टीला इथे आल्यापासून डायनासोरच्या पावलांचं एकच पालुपद लावून बसली होती. बाबा तिला रोज सांगायचे, "पाय बरा होऊ दे, मग आपण दोघं तिथे चालत फिरू." ते ऐकून ती टाळ्या पिटायची आणि मी भांडी घासायला जायची, घासलेलीसुद्धा.

मी काही उंडारायला निघाले नव्हते. बुधवारी शाळेतलं काम आटोपून एकटी जाऊन जागा बघून आले. नदीचं पाणी ओसरलं की सपाट खडक उघडा पडतो, त्यावर ती पावलं आहेत. तिथला रखवालदार म्हणाला, सकाळीच या, तिरप्या उन्हात ठसे उठून दिसतात, दुपारी शोधत बसाल. गाडी कुंपणापर्यंत जाते हेही त्यानंच सांगितलं. ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरना विचारलं, तर त्यांनी जाडजूड पट्टी बांधून दिली आणि पाय जमिनीला टेकू देऊ नका म्हणून दम भरला. चाकाची खुर्चीही मिळवली होती, पण बाबा म्हणाले, "मी काय सामान आहे?" मग कुबडी, माझा खांदा आणि दुकानातलं त्यांचं तीन पायांचं स्टूल. चार पावलं झाली की बसायचं. आत्या आदल्या दिवसापर्यंत म्हणत होती, "स्वतःचा पाय धड नाही आणि निघाला राक्षसांचे पाय बघायला!" रविवारी शेजारच्या छापखानेवाल्यांची व्हॅन दारात आली, तेव्हा उकडलेल्या अंड्यांचा डबा मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर सगळ्यांत आधी तीच बसली होती.

दादा, तू बाबांना तिथे बघायला हवं होतंस. तीन बोटांचा एक ठसा, मग दुसरा, मग तिसरा, थेट पाण्यापर्यंत गेलेले. भिंगरी प्रत्येकात उभी राहून "आजोबा, याला कितवा नंबर?" विचारत होती. बाबा स्टुलावरून वाकून टेप लावत होते आणि आत्या म्हणत होती, "घे ऑर्डर, आगाऊ पैसे मात्र माग." मग बाबा एकदम गंभीर झाले. म्हणाले, "हा लंगडत होता. बघ, एक पाय खोल, एक उथळ. डावा नीट टेकतच नाही. पण गेला की नाही एवढ्या लांब?" वाटलं, हाच धागा धरावा, यापेक्षा सोपं कधीच होणार नाही. तेवढ्यात रखवालदार हसला. "काका, ही दोन वेगळी जनावरं आहेत. एक मोठं, एक पिल्लू. वाट तेवढी एक." बाबा आधी ओशाळले आणि मग इतके हसले की स्टूल डगमगलं. "जन्म गेला लोकांचे पाय बघण्यात, आणि इथे येऊन फसलो!"

माझा धागा तुटला. बरंच झालं. गोड दाखला देऊन सांगण्यासारखी ती गोष्टच नव्हती.

आत्या भिंगरीला घेऊन पाण्याकडे गेली, तेव्हा मी खडकावर त्यांच्यासमोर बसले आणि साध्या शब्दांत सांगितलं. जखम साफ करायचं ऑपरेशन नाही. पाय घोट्याच्या वरून काढणार आहेत, नाहीतर विष वर चढेल. डॉक्टरांनी हे मला पंधरवड्यापूर्वीच सांगितलं होतं. बाबांनी विचारलं, "तुझ्या दादाला ठाऊक होतं?" मी हो म्हणाले. "मग निदान चामडं तरी कापू द्यायचं नव्हतं," एवढंच बोलले. परतताना बाबा व्हॅनमध्ये रडले. आत्याने काही न विचारता आपला पदर पुढे केला.

ते खचतील, असं तू म्हणत होतास. खचलेच. खचायचा त्यांना हक्क आहे. पाय त्यांचा आहे, तो जाणार हे भूल उतरल्यावर पांघरुणाखाली हात घालून कळावं, असं त्यांनी आपलं काय वाकडं केलं होतं? मला शिकवण्यासाठी तू घरात भांडलास, ते मी जन्मभर विसरणार नाही. पण त्या शिक्षणाचा उपयोग बापाशी खोटं बोलण्यासाठी करणार नाही.

गुरुवारी तू येशील. दारातच हसऱ्या चेहऱ्याने "किरकोळ आहे हो बाबा, दोन दिवसांत घरी" म्हणशील, आणि तू खोटं बोलतोयस हे त्यांना दिसेल. ते तुझ्यावर येऊ नये म्हणून हे पत्र आधी पाठवते आहे. काल त्यांनी डॉक्टरांना स्वतःचे प्रश्न स्वतः विचारले. त्यांच्या जागी कुणी सही करायची, यावर तुला आता कुणाशी बोलायची गरज नाही. संमतीच्या कागदावर त्यांनी आपल्या हाताने सही केली आहे, आणि शेजारी साक्षीदार म्हणून मी.

तुझीच,
न ऐकणारी धाकटी