ब्लाउजपीसचा जोगाकबो

३ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळ.

आजपासून रोज एक पान. हाताने. न्यूरॉलॉजिस्ट बाईंनी सांगितलं म्हणून नव्हे, माझ्या मनात आधीपासूनच होतं. अक्षर बारीक येतंय. कागद वाचवायची जुनी सवय.

बाईंचं म्हणणं, उजव्या हाताच्या थरथरीला नाव आहे आणि औषध आहे, पण ती जाणार नाही. मी म्हटलं, थरथरीबद्दल मला शिकवू नका. अख्खं करिअर मी इथे गाड्यांच्या ब्रेकची थरथर काढत होतो. थरथरीला कारण असतं. कारण सापडलं की थरथर गेली. माझं कारण सापडलंय : मिशिगनची थंडी आणि सुनेत्राची कडक कॉफी.

कॉफी बंद. हातमोजे सुरू. विषय संपला.

संध्याकाळ. कॉफी घेतली. अर्धाच कप.

५ फेब्रुवारी

गाडीच्या दोन्ही किल्ल्या गायब. नोव्हेंबरात शेजारच्या श्रीरामच्या मेलबॉक्सला माझ्या हातून गाडी किंचित लागली, तेव्हापासून सुनेत्राला ड्रायव्हिंगची फार हौस आलीय. मेलबॉक्स रस्त्याच्या अगदी कडेला होता, हे मी त्याला तिथल्या तिथे सुनावलं. त्याने नवा बसवला तो एक फूट मागे. म्हणजे चूक कोणाची ते ठरलंच.

हिचा गुडघा मात्र पार कामातून गेलाय. गाडीतून उतरली की दार धरून उभी राहते. ऑपरेशनची तारीख मिळाली होती, ती हिने पुढे ढकलली. ऑपरेशननंतर कित्येक आठवडे गाडी चालवता येत नाही म्हणे. मी म्हटलं, अगं मी आहे ना. ती पोळ्या लाटत राहिली. घाबरते बिचारी ऑपरेशनला.

१० फेब्रुवारी, मंगळवार

सुनेत्राने मला कम्युनिटी सेंटरवर सोडलं. तिथे हात हलणाऱ्या लोकांचा क्लास असतो. मी व्हॉलंटियर म्हणून गेलो. डेस्कवरच्या मुलीने पेशंटचा निळा बॅज दिला. व्हॉलंटियरचे संपले असणार.

शिकवतात त्या मिसेस युन. कोरियन, सत्तरीच्या, माझ्या खांद्याला जेमतेम लागतील. शिकवतात जोगाकबो. म्हणजे उरल्यासुरल्या कापडाचे तुकडे जोडून केलेला चौकोनी रुमाल. त्यात भेटवस्तू बांधायची, डबा बांधायचा, ताट झाकायचं. टाके इतके बारीक आणि शिवण अशी दुमडलेली की उलट-सुलट काही कळू नये. बोटांना व्यायाम. मी त्यांना सांगितलं, आमच्याकडे याला गोधडी म्हणतात, मला सगळं ठाऊक आहे. त्यांनी हसून सुई दिली.

सुई सदोष. भोक फार लहान. शेवटी शेजारच्या डेलाने दोरा ओवून दिला. ती ऐंशीच्या पुढची, तिचे तर दोन्ही हात हलतात. असल्या लोकांना मदतीला मी मिळालो हे त्यांचं नशीब.

२४ फेब्रुवारी

सेंटरवर रडारड. डेला आणि बाकीच्यांना घरून आणणारी एक पांढरी व्हॅन आहे. मार्कस नावाचा रिटायर्ड बस ड्रायव्हर ती चालवतो. तिची ग्रँट बंद झाली. उरलेल्या पैशांवर एप्रिलपर्यंत चालेल, नवी माणसं घेणार नाहीत. एप्रिलमध्ये सगळ्यांच्या जोगाकबोंचा लिलाव करायचा, त्यातून व्हॅन चालवायची. पैसे जमले नाहीत तर व्हॅन बंद. व्हॅन बंद म्हणजे क्लासही बंद, कारण त्यांच्यातल्या कोणालाच गाडी चालवता येत नाही. वाईट वाटलं. माणूस किती परावलंबी होतो!

मी सूत्रं हातात घेतली. म्हणजे तसं जाहीर केलं. माझा जोगाकबो सर्वात महाग जाणार. घरी येऊन कॉम्प्युटरवर ड्रॉइंग केलं. प्रत्येक तुकड्याचं माप, टॉलरन्स, म्हणजे चुकीला सूट, अर्धा मिलिमीटर.

३ मार्च

मिसेस युनना ड्रॉइंग दाखवलं. छान आहे म्हणाल्या आणि त्यावर चहाचा कप ठेवला. जोगाकबोचं ड्रॉइंग नसतं म्हणे. हातात आलेला तुकडा बघायचा, त्याच्या शेजारी कोण शोभेल ते बघायचं. या पद्धतीने ब्रेक बनवले असते तर अमेरिकेत एकही गाडी थांबली नसती. हे मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, यात कोणाला थांबायचंय?

कापडाचा प्रश्न. रेशमी हवं. दुकानात भाव विचारला, हात दाखवून अवलक्षण. मग आठवली पलंगाखालची सुनेत्राची निळी सूटकेस. ब्लाउजपीस! या कापडाचा ब्लाउज कधीही कोणीही शिवत नाही. हळदीकुंकवाला ओटीत मिळतं, घरी सूटकेसमध्ये जातं, पुढच्या हळदीकुंकवाला दुसरीच्या ओटीत. इथल्या उपनगरांत नोव्हाय ते कँटन, कँटन ते ट्रॉय. काही पीस माझ्यापेक्षा जास्त फिरलेत. त्यांची कुणीतरी सुटका करायलाच हवी होती.

सुनेत्रा फोनवर होती. म्हणाली, घ्या, पण वरचा थर सोडून. आता खालचा थर म्हणजे शुद्ध पॉलिस्टर. वर इरकली, महेश्वरी, अस्सल रेशीम. हिला कापडातलं काय कळतंय! वरचा थर घेतला आणि लगेच कापला, म्हणजे वाद नको.

१७ मार्च

शिवण वाकडी. कारण सापडलं : उजेड. नवा दिवा आणला. नव्या दिव्याखाली ती अधिक वाकडी दिसते. दिवा परत केला.

मिसेस युननी उसवायला लावलं. उसवलं. शिवलं. पुन्हा उसवलं. उसवताना हात अगदी स्थिर असतो, हे कोणी लक्षात घेत नाही.

शिकागोहून उर्वीचा फोन. लेकीने इंग्रजीत समजावलं की मी व्हॉलंटियर नाही, पेशंट आहे. मी मराठीत समजावलं की मी तिचा बाप आहे.

३१ मार्च

किल्ली सापडली! तांदळाच्या डब्यात. सुनेत्रा डेंटिस्टकडे गेली होती, श्रीरामच्या बायकोच्या गाडीतून. आता बघाच म्हटलं. गॅरेजमध्ये जाऊन गाडीत बसलो. आमची गाडी जुनी, किल्ली भोकात घालावी लागते. तेही भोक सदोष निघालं. डाव्या हाताने उजवा धरला तेव्हा कुठे गेली.

सुरू केली नाही. पेट्रोल महाग झालंय. थोडा वेळ बसलो, आरसे पुसले, आत आलो. किल्ली परत तांदळात ठेवली, नाहीतर हिला उगाच काळजी. गरज पडली की चालवणारच आहे.

१४ एप्रिल, मंगळवार

जोगाकबो पूर्ण! मिसेस युननी तो खिडकीच्या काचेवर धरला. मागून ऊन आलं की शिवणीच्या रेघा उठून दिसतात. माझी एक रेघ सरळ नाही. ब्रेकच्या टेस्टचे ग्राफ असेच यायचे. नापास झालेल्या ब्रेकचे.

बाईंनी त्याच रेघेवर बोट फिरवलं. म्हणाल्या, त्यांची आजी शेवटच्या वर्षांत असेच करायची. मी विचारलं, आजी मोठी नावाजलेली कलाकार होती का? नाही म्हणाल्या, तिचे हात हलायचे.

मी हवेचा विषय काढला. थंडी अजून आहे.

१८ एप्रिल, शनिवार. दुपार.

लिलाव! विजय! सविस्तर लिहितो.

मी महाराष्ट्र मंडळाच्या सगळ्या बायकांना आमंत्रण दिलं होतं. सुनेत्राला सरप्राइज म्हणून सांगितलं नव्हतं. माझा जोगाकबो स्टँडवर दिव्यासमोर टांगला. सुनेत्राने तो पाहिला, कपाळाला हात लावला आणि खुर्चीत बसली. भारावली असणार.

मग मंडळातल्या शैलाने पर्समधून चष्मा काढला आणि पार जवळ जाऊन बघितलं. त्यातला जांभळा, मोहरी काठाचा तुकडा तिने पुण्याहून खास नीनाच्या वास्तुशांतीसाठी आणलेल्या पीसचा होता म्हणे. तिने नीनाला सगळ्यांदेखत विचारलं, जांभळा ब्लाउज अंगाला बरोबर बसला का गं? नीना आधी लाल झाली. मग तिची नजर मधल्या हिरव्या, कोयऱ्यांच्या तुकड्यावर गेली. तो म्हणे तिने शैलाच्या साठीला दिलेल्या पीसचा. तिने शैलाला विचारलं, आणि तुझा हिरवा गं? इतकं गोड विचारलं की माझ्या अंगावर काटा आला. मागे आणखी दोघीतिघी चष्मे शोधायला लागल्या.

बोली सुरू झाली. नीनाने हात वर केला. शैलाने त्याच्या वर. नीनाने त्याच्या वर. अ‍ॅपल पाय खायच्या लोभाने आलेल्या एका अमेरिकन गृहस्थांनीही हात वर केला होता, तो त्यांनी दोघींचे चेहरे बघून खाली घेतला. या दोघींना कलेची एवढी जाण असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं! सुनेत्रा माझी बाही ओढत होती. मी उभा राहून सर्वांना नमस्कार केला.

शेवटी शैलाला मिळाला. तर नीनाने जाहीर केलं, कापड नको, पण शैलाइतकेच पैसे मीही देणार, मन काय एकटीलाच असतं का? सेंटरच्या डायरेक्टर बाई रडल्या. त्यांना मराठी येत नाही. डेलाने माझ्या पाठीत धपाटा घातला.

१९ एप्रिल

सुनेत्रा बोलत नाही. काल गाडीत एवढंच म्हणाली, सगळ्या बायकांची अब्रू तुम्ही दिव्यासमोर टांगलीत. मोठ्या कलेला घरातून विरोध हा असायचाच. माघार घेणार नाही.

जेवणाचं ताट वाढलं, पण समोर आपटलं. आमटी सांडली. या वेळी माझ्या हातून नाही.

५ मे

व्हॅन वाचली! वर्षभराची सोय झाली. मार्कसने पार्किंगमध्ये दोनदा हॉर्न वाजवला. सुनेत्रा मला घ्यायला आली होती. तिने मार्कसशी काच खाली करून बरंच बोलून घेतलं, कुठे कुठे थांबतोस, घरापर्यंत येतोस का, पायरीपाशी हात देतोस का. हिला काय करायच्यात नसत्या चौकशा!

घरी येऊन तिने हॉस्पिटलला फोन केला आणि ऑपरेशनची तारीख घेतली. जूनची. एकदाची भीती गेली म्हणायची. योगायोग.

९ जून

ऑपरेशन झालं. सुनेत्रा नव्या गुडघ्यावर वॉकर धरून तीन खोल्या हिंडली. उर्वी आली होती, तिनेच ने-आण केली. मी रिझर्व्हमध्ये.

पाणी द्यायला गेलो तर ग्लासातलं अर्धं हिच्या चादरीवर. मी म्हटलं, ग्लास फार भरला होता. ती म्हणाली, हो. आणि उरलेलं प्यायली. एवढ्यावर भांडायची ही बाई, नुसतं हो म्हणाली. मला त्याचा राग आला.

१३ जून, शनिवार

उर्वी गेली. जाताना मिठी मारली आणि तांदळाचा डबा सोबत नेला. तांदूळ शिकागोलाही मिळतात.

शैला भेटायला आली. सोबत नीना! एकाच गाडीतून! दोघींचं गूळपीठ जमलंय. ऐन जूनमध्ये डिंकाचे लाडू आणले, हाडं भरून येतात म्हणून. डबा कशात बांधलेला? माझ्या जोगाकबोमध्ये! भिंतीवर लावायची वस्तू! आणि वर शैला म्हणते, कापड परत नको, तुमच्याकडेच राहू दे, पुढे कोणाला द्यायला होईल.

मी उठलो. आत जाऊन दोन लाडू खाल्ले. त्या गेल्यावर सुनेत्रा इतकी हसली की टाके दुखले तिचे. लिलावानंतर प्रथमच. मग मलाही हसू आलं, पण ते लाडवामुळे.

१६ जून, मंगळवार. सकाळ.

आज क्लास. सुनेत्राला गाडी चालवता येत नाही. मी तिला स्पष्ट सांगितलं, मी आज गाडी काढणार. ती म्हणाली, काढा. अडवलं नाही, किल्लीचं नावही काढलं नाही. तिच्या लक्षात तरी होतं की नाही कोण जाणे, किल्ली शिकागोला गेलीय.

दाराशी हॉर्न. पांढरी व्हॅन. मी म्हटलं, चूक झाली असेल, श्रीरामच्या घरी कोणी आजारी असेल. सुनेत्रा वॉकर धरून दारापर्यंत आली. एवढं चालायची तिला परवानगी नाही. माझ्या गोळ्यांचा डबा आणि दोन लाडू तिने जोगाकबोत बांधून दिले. गाठ तिनेच मारली. म्हणाली, मी फेब्रुवारीपासून या व्हॅनची वाट बघत होते हो. तुम्हाला कोण नेईल, या एका काळजीपायी गुडघा तसाच ठेवला होता.

मी गाठ एकदा ओढून बघितली. ब्रेक कसे आहेत ते जरा बघून येतो, एवढं म्हटलं.

दुपार. ब्रेक चांगले आहेत.

मार्कसने पायरीपाशी हात पुढे केला. नको म्हणालो. मग धरला. डेलाने शेजारची सीट माझ्यासाठी धरून ठेवली होती. गाठोडं मांडीवर घेतलं. ते हलत होतं, आतल्या गोळ्या खुळखुळत होत्या. सीटबेल्टचं टोक भोकात जाईना. डेलाने तिचे दोन्ही हलते हात पुढे केले, मी माझा एक, आणि कसाबसा बसला.

बाहेर ऊन रणरणत होतं. कॉफी सकाळपासून घेतलेली नव्हती. सुई नव्हती, दिवा नव्हता, भोकही चांगलं मोठं होतं.

हात हलतो माझा. हलू दे, मेला.