ठराव क्रमांक सात

१ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी ७.
ग्रीक शोकांतिकेच्या रचनेचा सहा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स काल संपला. ९४ टक्के. सर्टिफिकेट फ्रेम करून बेसमेंटमध्ये लावलं. शॉमबर्गच्या आसपासच्या दोनशे मराठी घरांत ही रचना कळणारा सध्या मी एकटा.

इथल्या मराठी मंडळाच्या पाडव्याला गेली सहा वर्षं अतुलचा फार्स होतो. दोन बायका, एक वेटर, चार दारं. लोक खिदळतात आणि जेवायला पळतात. यंदा ते नाही. ५ एप्रिलला माझी शोकांतिका. लेखक, दिग्दर्शक आणि नायक मीच. दुसरं आहे कोण इथे?

३ फेब्रुवारी, सोमवार.
कथानक तयार. ऑफिसच्या स्टेटस मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवून लिहिलं. कंपनीचा सगळा डेटा उडतो. मॅनेजर सर्वांसमोर शपथ घेतो की दोषी शोधणार आणि हाकलणार. शोधत जातो आणि कळतं की डेटा त्यानेच उडवला होता. कधीतरी, सहज, आणि विसरूनही गेला होता.

एक्सेलमध्ये पाच कॉलम: गर्व, चूक, फासा उलटणं, ओळख पटणं, दुःख. फासा उलटणं आणि ओळख पटणं एकाच क्षणी झालं तर रचना सर्वोत्तम, असं कोर्सचे सर म्हणाले होते. माझ्यात तसंच आहे.

मीनाक्षीला वाचून दाखवलं. तिने विचारलं की इतकी मोठी गोष्ट स्वतः करून माणूस विसरेल कसा. म्हटलं, हा गर्वाचा आंधळेपणा, कोर्स केल्याशिवाय कळायचा नाही. बरं म्हणाली आणि कुकर लावायला गेली. नाटकातलं बायकोला फारसं कळत नाही. मागे कधीतरी तिनेही मंडळासाठी काहीतरी लिहिलं होतं. नीट आठवत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार.
पहिलं वाचन आमच्याकडे. मंडळात हात वर केलेल्या माणसाला नाही म्हणायची पद्धत नाही, म्हणून उरलेले चौदाही जण कोरसमध्ये घातले. ग्रीकांचीही हीच अडचण असणार. त्यांपैकी रवी जेवणाच्या कमिटीचा प्रमुख. त्याने विचारलं की कोरसला एखादा डान्स आहे का. नाही म्हटलं. मग एकूण किती वेळ? एक तास चाळीस मिनिटं. त्याने यार म्हटलं आणि चहात बिस्किट बुडवलं. कलेची ही पातळी.

१५ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी २.
अतुलचा फोन. सध्या तो अध्यक्ष आहे, हे सांगायची संधी सोडत नाही. म्हणे नाटक करता येणार नाही. मंडळाच्या नियमांत ठराव क्रमांक सात: शोकांत नाटक नको. नियम त्याचा नाही, तो शॉमबर्गला यायच्या आधीचा आहे. शेवट बदल म्हणाला, मॅनेजरला बॅकअप सापडू दे.

बॅकअप.

ठरावात कारणही दिलंय: लोक इथे हसायला येतात. हे वाक्य ज्या डोक्यातून निघालं त्यात पिठलं भरलेलं असणार.

१६ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ९.
मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं: ठराव सात रद्द करा. तो मांडणाऱ्या महाभागाचं नाव मी शोधून काढणार. त्याने या मंडळाच्या रंगमंचावर पुन्हा पाऊल ठेवता कामा नये, ही माझी शपथ.

एक्केचाळीस अंगठे आले. पहिला अतुलचा. संशयास्पद.

मीनाक्षी फोन हातात घेऊन बेसमेंटमध्ये आली आणि मेसेज डिलीट कर म्हणाली. दिग्दर्शक मेसेज डिलीट करत नाही, असं तिला सांगितलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार.
मंडळाची जुनी वही सुमित्राकाकूंकडे असते. त्या पहिल्या सेक्रेटरी, वय एक्क्याऐंशी. बर्फातून ड्राइव्ह करून गेलो. वही आहे म्हणाल्या, पण राहू दे प्रल्हाद, नको खणूस. कोणाला वाचवताय, असं स्पष्टच विचारलं. तुलाच वाचवतेय, तुला दिसत नाहीये, म्हणाल्या.

काकूंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. माझ्यादेखत ताकाचा पेला समजून फुलदाणी उचलली. आणि दिसत नाही मला.

निष्कर्ष: काकू अतुलला सामील आहेत. सभा बोलवायला लावणार, वही सगळ्यांसमोर उघडणार.

१ मार्च, शनिवार.
केयाचा फोन, कॉलेजातून. पोरगी एकवीस वर्षांची, दुय्यम विषय क्लासिक्स, म्हणजे ग्रीक आणि लॅटिन, फी मी भरतो. सगळी हकिकत सांगितली. ती इतकी हसली की फोन तिच्या मैत्रिणीने धरला. नंतर म्हणाली, बाबा, प्लीज स्टॉप लुकिंग, लाइक, सीरियसली. म्हटलं, नायक शोध थांबवत नाही. तेच तर, म्हणाली. तिच्या कॉलेजात रचना नीट शिकवत नसावेत.

पण ५ एप्रिलला येते म्हणाली. सहा वर्षांत मंडळाच्या एकाही कार्यक्रमाला आलेली नाही. दिवाळीला बोलावलं तर असाइनमेंट काढून बसते. माझ्या नाटकाला येणार. फोन ठेवल्यावर जरा वेळ पायरीवर बसून राहिलो. आता काहीही झालं तरी नाटक होणार.

९ मार्च, रविवार.
मीनाक्षी तिसऱ्यांदा म्हणाली, जाऊ दे ना. या वेळी माझ्यासाठी सोड, असंही म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं. लोक माझ्यावर उलटतील याची तिला धास्ती. म्हटलं, घाबरू नकोस, मी तयारीनिशी जातोय. सभेच्या चहाचं मात्र बघ.

१५ मार्च, शनिवार. दुपारी ४.
लायब्ररीच्या मीटिंग रूममध्ये सभा. बत्तीस जण. मी उभा राहून मागणी केली की ठराव मोठ्याने वाचा, नावासकट. अतुल म्हणाला, आर यू शुअर? म्हटलं, का, घाम फुटला? काकूंना वाचता येईना म्हणून वही स्वानंदीकडे दिली. ती हल्लीची सेक्रेटरी, इथेच जन्मलेली, मराठी बोट ठेवून वाचते. त्यामुळे एकेक शब्द सगळ्यांना नीट ऐकू गेला. इथे उतरवून ठेवतो.

ठराव क्र. ७. पाडव्याला सौ. मीनाक्षी सबनीस यांनी लिहिलेले व बसवलेले नाटक लांबले. शेवटी आई जाते हे पाहून काही मुले रडली (त्यांत सबनीसांची केया). वडे गार झाले. यापुढे शोकांत नाटक नको. लोक इथे हसायला येतात. सूचक: खजिनदार प्रल्हाद सबनीस. विरोध: सुमित्राकाकू. मीनाक्षी सबनीस चहा करत असल्याने त्यांचे मत नोंदवले नाही.

सही माझीच.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मीनाक्षी मागे थर्मासपाशी उभी होती. तिने पेले सरळ केले.

फासा उलटणं आणि ओळख पटणं एकाच क्षणी झालं. सर्वोत्तम रचना.

१६ मार्च, रविवार.
खुलासा, स्वतःसाठी. त्या वर्षी ऑफिसात सॉफ्टवेअरचं मोठं रिलीज होतं. त्याच सभेत मी पार्किंगचे आणि कचऱ्याच्या पिशव्यांचेही ठराव मांडले होते. नऊ वर्षांपूर्वीचं कोण लक्षात ठेवतं? आणि वडे खरंच गार झाले होते.

संध्याकाळी मीनाक्षीला विचारलं, ते नाटक कुठे आहे. घर बदलताना रिसायकलिंगमध्ये टाकलं म्हणाली. त्यानंतर तिने एक ओळ लिहिली नाही. का लिहीत नाहीस, हे नऊ वर्षांत मी एकदाही विचारलं नाही. लाज वाटली. इथे लिहायला हरकत नाही, इथे कोणी वाचत नाही.

१८ मार्च, मंगळवार.
ठराव सात एकमताने रद्द, ग्रुपवरच. विजय म्हणायचा.

त्याखाली रवीने माझा शपथेचा मेसेज पुन्हा टाकला. अतुलने अगदी सभ्यपणे विचारलं, याचं काय करायचं, यार, तूच सांग. दोन तास टाइप केलं, पुसलं. शेवटी लिहिलं: शपथ म्हणजे शपथ. कोणीतरी नको नको म्हणेल असं वाटलं होतं. अठ्ठावन्न अंगठे आले.

२२ मार्च, शनिवार.
सुमित्राकाकूंनी मीनाक्षीला फोन करून तिचं नाटक मागितलं. कागद नाहीत म्हणाली. मग म्हणाली की पाठ आहे. सगळं, सगळ्यांची कामं धरून.

माझा चौदा जणांचा कोरस एका दुपारीत तिच्याकडे गेला. रवीला आजोबांचं काम मिळालंय. तालीम वर दिवाणखान्यात. मी खाली, सर्टिफिकेटसमोर. रचनेबाबत मदत लागली तर विचार म्हटलं होतं. अजून कोणी विचारलेलं नाही.

५ एप्रिल, शनिवार. दुपारी ३.
जेवणाची कमिटी झाडून सगळी नाटकात, म्हणून वडे गरम ठेवायचं काम माझ्याकडे. शाळेचा कॅफेटेरिया, ॲल्युमिनियमचे सहा ट्रे, खाली बर्नर. केया आली. मला हाय केलं आणि आत पहिल्या रांगेत जाऊन बसली.

तिसरी घंटा झाली. प्रेक्षकांत बसायला शपथेची हरकत नव्हती, पण ट्रे कोण बघणार? दार किलकिलं करून उभा राहिलो. दिसत काही नव्हतं. फक्त मीनाक्षीचा आवाज. घरात इतकी वर्षं ऐकतोय, पण हा आवाज ओळखीचा नव्हता. पुढे ऐकण्यासारखं खूप होतं, आणि मग कोणीतरी रडायला लागलं, मग बरेच जण. पाच कॉलमांतलं कुठे काय बसतं, ते बघायचं राहून गेलं.

ग्रीकांत मुख्य घटना रंगमंचाच्या आड घडते आणि दूत बाहेर येऊन सांगतो. केया बाहेर आली, नाक लाल. शेवट कसा झाला ते तिने सांगितलं. मध्येच थांबून म्हणाली, आय वॉज ट्वेल्व्ह, बाबा, आय लव्ह्ड इट. मग ट्रेमधला एक वडा उचलून तिने दाबून पाहिला.

बर्नर विझले होते. केव्हा, ते मला कळलं नाही. लोक डोळे पुसत बाहेर आले, रांगेत उभे राहिले, आणि दोनशे माणसांनी गार वडे खाल्ले. कोणी तक्रार केली नाही.