दीड हजार बैठका

५ जुलै १९६५, खामगाव
नामदेव आला. शांताचा धाकटा भाऊ, माझा मेहुणा, बावीस वर्षांचा गडी. नागपंचमीला त्याच्या गावी, देऊळघाटला कुस्ती, तोवर मुक्काम आमच्याकडे. करीमचाचांच्या तालमीत नेलं. चाचांनी दंड चाचपले, "ठेवा इथं" म्हणाले.

७ जुलै
चाचांची पद्धत पटत नाही. एक दिवस रगडून मेहनत, मग दोन दिवस नुसती आखाड्याची माती खोदायची, तेल चोळायचं, मातीत पडून राहायचं. विचारलं तर, "तोडाले एक दिस, जोडाले दोन. तुमाले नाई समजाचं, मास्तर." मला नाही समजायचं? कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो मी!

८ जुलै
लायब्ररीत परदेशी मासिक चाळलं. शरीरातली पेशी म्हणे आपलेच जुने, मोडके भाग गिळते नि त्यातूनच नवे घडवते. उपाशी असली की जास्त गिळते. दोनदा वाचलं. म्हणजे उपाशीपोटी सडकून मेहनत केली, तर जुनं झडून नवं अंग! चाचांना हे काय ठाऊक. शनिवारी एकादशी. उपास आयताच.

१० जुलै, एकादशी
आज नामदेवची माती खोदायची पाळी. चाचा गावाला गेलेले. आखाड्यातच दीड हजार बैठका काढून घेतल्या, मीच मोजल्या. हजाराला म्हणाला, "भाऊजी, पाय लटपटून राह्यले." मी म्हणालो, "काऊन बे, पंचमीले बी हेच सांगशीन?" पाणीही घोटभरच दिलं. शेवटच्या शंभर त्यानं मांड्यांवर हात रेटून काढल्या.

१२ जुलै
नामदेवच्या मांड्या लाकडासारख्या, पाय टेकवेना. लघवी काळ्या चहासारखी. टांग्यात घालून दवाखाना. डॉ. म्हणाले, "स्नायू फुटून रक्तात उतरलेत. मूत्रपिंडं किती तग धरतात, बघू. कोणी करून घेतलं हे?"
नामदेवनं माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे. "तालमीत."
"हे उस्ताद लोक!" डॉ. चरफडले.
मी सलाईनच्या बाटलीकडे बघत राहिलो.

१३ जुलै
सासूबाई आल्या. दवाखान्यातून घरी आल्यावर आधी माझंच पान वाढलं. पोरगा तिकडे तसा, आणि माझ्या भाकरीवर तूप. "त्या उस्तादाचं वाटोळं हो," म्हणाल्या. मी मान खाली घालून जेवलो. दुसरी भाकरीही घेतली. शी.

१५ जुलै
मासिक परत काढलं. पेशी गिळते, घडवते, सगळं आहे. पण किती मेहनतीला किती, आणि घडवायला वेळ किती, हे कुठेच नाही. ते मी माझ्या पदरचं घातलं. शहाणपणा! चाचा दोन वाक्यांत सांगत होते तेच की.

१९ जुलै
लघवी साफ. देवा. पण सहा महिने कुस्ती बंद, पुढचं पुढे. पंचमीची कुस्ती हुकली. नामदेवला एकटं गाठून विचारलं, माझं नाव का नाही सांगितलंस? तर म्हणतो, "जावायाचं नाव सांगतलं असतं तं बुढीच्या हातचं तुम्ही कसे जेवले असते, भाऊजी?" वर हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२२ जुलै
तालमीत गेलो. तीनच गडी. बाकीच्यांच्या घरच्यांनी बंद केलं म्हणे. चाचा एकटे माती खोदत होते. सगळं सांगून टाकलं. खोरं थांबलं नाही.
"मले काऊन सांगतं? मी वापस आलो त मातीत एकाच जागी दोन पायाचे खड्डे. तवाच समजलो."
"मग बोलला का नाहीत?"
"तू बोलशीन म्हणून." ढेकूळ फोडत, "देऊळघाटले सांग."
नेहमी मास्तर नि तुम्ही म्हणतात. आज "तू".

२६ जुलै
आज सांगू म्हणून दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा सासूबाईंनी चहा पुढे केला. दुपारच्या गाडीनं नामदेवला घेऊन गेल्या. जाताना मलाच म्हणाल्या, "तुम्ही होते म्हून पोरगं वाचलं." भित्रा आहे मी. दुसरा शब्द नाही.

१ ऑगस्ट
उद्या पंचमी. सकाळच्या गाडीनं देऊळघाट, शांताचं माहेर. ती पिशवी भरत होती, तेव्हा सांगितलं. एकादशी, बैठका, पाणी, सगळं. ती खाली बसली. मला वाटलं रडेल, बोलेल. घडी केलेलं लुगडं तिनं उलगडलं नि परत घडी घातली.
"आईले तुम्ही सांगसान का मी सांगू?"
"मी."
"मंग जेवाच्या आधी सांगा," म्हणाली. "तिनं तुमचं ताट वाढल्यावर सांगू नोका."