एकच गोळी, दोन रिपोर्ट

इचलकरंजी,
७ जानेवारी २०२५

ती. ताईस,
सप्रेम जय भीम, वि. वि.

फोनवर आपलं भांडणच होतं, म्हणून लिहितोय. आपण सख्खी भावंडं. दोघांना कोलेस्ट्रॉलची तीच गोळी, तेवढ्याच ताकदीची. माझं वाईट कोलेस्ट्रॉल नव्वदवर आलं आणि तुझं अजून दोनशे! तू गोळ्या चुकवतेस, नाहीतर चोरून रस्सा ओरपतेस, असं आई म्हणते. मलाही तेच वाटतं. आप्पा बेचाळिसाव्या वर्षी हार्ट अटॅकनं गेले ते जिभेपायीच. तू आता एक्केचाळीस. मी लूमच्या पाळ्या सांभाळून पथ्य पाळतो, तुला शाळेची नोकरी करून जमत न्हाय व्हय?

आईचे गुडघे बरे आहेत. रागव, पण माया आटू देऊ नकोस.

तुझा,
प्रसेनजीत

कोल्हापूर,
२२ जानेवारी

चि. प्रसेनजीत यास,
अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र फाडून टाकणार होते. आठ महिन्यांत एक गोळी चुकवलेली नाही. रिकामी पाकिटं डब्यात जपून ठेवलीत, कारण घरात कुणाचा विश्वासच नाही. शेजारच्या जेवणावळीत सगळ्यांपुढं मटण, माझ्यापुढं दहीभात. तरी रिपोर्ट आला की तुझे दाजी विचारणार, काय खाल्लंस?

परवा दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी गोळी सुरू होण्याआधीचा रिपोर्ट मागितला. तो आजवर कुणी पाहिलाच नव्हता. तुझं तेव्हा एकशे ऐंशी होतं, तूच सांगितलं होतंस; माझं चारशे. म्हणजे गोळीनं दोघांचंही निम्मं उतरवलं. माझं निम्मंच एवढं! मग त्यांनी माझ्या टाचेमागची शीर चाचपली. तिथं गाठी लागल्या. घरात लहान वयात कोण गेलं, ते विचारलं. मी आप्पा सांगितले, आत्या सांगितली. हे रक्तातून आलंय, नुसत्या पथ्यानं हटणार नाही, दुसरं औषध जोडू, असं त्या म्हणाल्या.

माझ्या मनालीलाही असू शकतं, म्हणून तिचं रक्त तपासायचंय. सोळा वर्षांची पोर. पण तिच्या नावावर आजार लागला तर उद्या कोण करून घेणार, म्हणून हे अडून बसलेत. माझं कुणी ऐकत नाही. तू तरी बोल.

चिडून लिहिलंय, पण जीव तुझ्यातच आहे.

तुझी ताई,
संयोगिता

इचलकरंजी,
३० जानेवारी

ती. ताईस,
सप्रेम जय भीम, वि. वि.

चुकलं माझं. पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, की शेवटच्या वर्षी आप्पांच्या ताटातलं कालवण ती काढून घ्यायची आणि ते मुकाट अर्धपोटी उठायचे.

दाजींना फोन केला. स्थळ यायला पोरगी जगायला पाहिजे की, असं ओरडूनच बोललो. त्यांनी फोन ठेवला. रविवारी मी येतोय, मनालीला मीच नेतो.

माफ केलं असशील तर दार उघड.

तुझा,
प्रसेनजीत

कोल्हापूर,
६ फेब्रुवारी

चि. प्रसेनजीत यास,
अ. उ. आशीर्वाद.

तू गेल्यावर मंगळवारी रिपोर्ट आला. मनालीचं दोनशे साठ. आत्तापासून औषध घेतलं तर पुढचं बरंचसं टळेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हे तो रिपोर्ट हातात धरून दारातच उभे राहिले. मग स्वतः जाऊन गोळ्या घेऊन आले.

मनालीनं पहिली गोळी घेतली आणि विचारलं, आजोबांना कधी कुणी तपासायला नेलं होतं का. मी नाही म्हणाले.

आईला मनालीचा हा प्रश्न मात्र कळवू नकोस. येत राहा.

तुझी ताई,
संयोगिता