सात नंबरच्या पाटीमागचे माकड

प्रति,
मा. संचालक,
विषाणू संशोधन संस्था.

विषय : सोमवारचे शवविच्छेदन थांबवण्याबाबत व मला दिलेले प्रशस्तिपत्र परत घेण्याबाबत.
संदर्भ : एकाच दिवशी मिळालेले (अ) प्रशस्तिपत्र, (ब) कारणे दाखवा नोटीस.

महोदय,

मी माकडघरात एकोणीस वर्षे देखभालीचे काम करतो. आजवर अर्ज केला नाही, कारण चूकही केली नव्हती.

१. सात नंबरच्या माकडिणीला विषाणू टोचला होता, चार नंबरच्या माकडाला नुसते मिठाचे पाणी. या विषाणूमुळे पहिल्या दोन आठवड्यांतच रोगाशी लढणाऱ्या पेशी भराभर मरतात, आतड्यातल्या तर सर्वांत आधी, हे प्रयोगाच्या प्रमुख बाईंनी आमच्याकडून पाठ करून घेतले आहे.

२. टोचल्याच्या तिसऱ्या दिवशी पिंजरे धुतले. सात नंबरची (आम्ही तिला रुसूबाई म्हणतो) दाराजवळ जेवेना, भिंतीकडे तोंड करून बसली. चार नंबरच्या माकडाला (ते आमचे मास्तर) कुठेही चालते. सबब मी तिला खिडकीजवळ व मास्तरांना दाराजवळ ठेवले. पाट्या भिंतीला ठोकलेल्या असल्याने जागच्या जागी राहिल्या. छातीवर गोंदलेला क्रमांक पाहायचा तर माकड उलटे करावे लागते, म्हणून रक्त घेणारे पाटीवरच भागवतात. रुसूबाई जेवू लागली आणि मी गप्प बसलो.

३. परिणामी सात नंबरच्या पाटीखाली पेशी होत्या तेवढ्याच राहिल्या. बाईंना आकाश ठेंगणे झाले. 'तुमच्या हाताला गुण आहे,' असे म्हणून त्यांनी मला प्रशस्तिपत्र दिले. त्याच दुपारी नोटीस आली की, चार नंबरच्या पेशी निम्म्यावर आल्या आहेत, मिठाच्या पाण्याने असे होत नाही, त्याअर्थी आपण शिळी केळी घातली. केळी ताजी होती.

४. सात नंबरच्या पेशी का मेल्या नाहीत, हे पाहण्यासाठी सोमवारी त्या पाटीखालच्या मास्तरांना मारून त्यांचे आतडे उघडणार आहेत. ते निरोगी निघेल, हे मी आजच लिहून देतो. घरी बायको म्हणाली, "ते प्रशस्तिपत्र भिंतीवरून काढा आधी. त्याच्यासमोर मला घास गिळवत नाही." मलाही गिळवत नाही.

तरी मास्तरांना सोडावे. प्रशस्तिपत्र परत घ्यावे, नोटीस राहू द्यावी, फक्त त्यातली केळी वगळावीत. रुसूबाईच्या पेशी मरत आहेत, म्हणजे प्रयोग बरोबर चालला आहे, आणि मला त्याचे फार वाईट वाटते. चूक दुरुस्त करताना तिला पुन्हा दाराजवळ नेऊ नये, पाट्या बदलाव्यात. खिळे उपटायला मी पक्कड घेऊन आपल्या दाराबाहेर उभा आहे.

आपला नम्र व उशिरा बोललेला,
सही/-
देखभाल सेवक, माकडघर
शनिवार, सकाळी

सोबत : प्रशस्तिपत्र (चौकटीसह), केळे, एक (ताजे).